धाक हवा, पण कसला?

वयात येणाऱ्या मुलांचं मन आणि पालकांचं वागणं या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे : आम्ही फार कडक आहोत, की फार सैल? आमच्या मते प्रश्न कडक-सैलचा कमी आणि धाक कशाचा आहे याचा जास्त आहे. नियम मोडला तर काय होईल याचा धाक मुलाला पेलवतो. आई-बाबांची माया जाईल हा धाक पेलवत नाही. निवडक पत्रं संक्षिप्त करून, ओळख पटेल असे तपशील गाळून देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. नीटच्या तयारीसाठी मी तिला घेऊन लातूरला खोली करून राहते, हे गावाकडे शेती बघतात. रविवारच्या टेस्टमध्ये मार्क घसरले की मी तिच्याशी दोन-दोन दिवस बोलत नाही. ओरडण्या-मारण्यापेक्षा ते बरं असं मला वाटतं. हे फोनवर म्हणतात, "तुझ्यापायी दोन ठिकाणी चूल पेटवतोय." हल्ली ती ताटावरून उठून जाते, पुस्तक उघडून तासन्‌तास एकाच पानावर बसते, बारीकसारीक गोष्टीवरून चिडते. कडक राहिल्याशिवाय ही परीक्षा निघत नाही हे मला मान्य आहे. पण कडकपणामुळे मुलांना नैराश्य येतं का?
– एक आई, लातूर

उत्तर : तुम्ही ज्याला कडकपणा म्हणता त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहाटे ठरल्या वेळी उठायचं, क्लास बुडवायचा नाही, अभ्यासाच्या वेळी फोन आईकडे, ही झाली वागण्याची शिस्त. ती जाचक वाटली तरी, कारण समजावून लावली असेल तर, तिच्यामुळे मुलं सहसा आजारी पडत नाहीत. मार्क पडले तर आई बोलेल, नाही पडले तर बोलणार नाही, ही मात्र शिस्त नव्हे. इथे मायाच पणाला लागलेली असते.

मानसशास्त्रात हा फरक नीट तपासला गेला आहे. अमेरिकेत बर्कली इथे डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन पद्धती मांडल्या : हुकूम सोडणारी, मायेनं पण ठामपणे वळण लावणारी आणि सगळं चालवून घेणारी. १९८३ मध्ये एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथी जोडली, ती म्हणजे ना माया ना मर्यादा, नुसतं दुर्लक्ष. माया आणि ठामपणा दोन्ही असलेल्या घरांत किशोरवयीन मुलांत उदासी आणि चिंता कमी आढळते, हे पुढे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसत आलं. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये आणखी नेमकं बोट ठेवलं. मुलाला अपराधी वाटायला लावणं, माया आखडून घेणं, त्याच्या भावना खोट्या ठरवणं, या मार्गांनी मनावर ताबा ठेवला जातो तिथे नैराश्याशी संबंध ठळक दिसतो. वागण्यावर लक्ष नसेल तर परिणाम मुख्यतः बेशिस्तीत आणि वाईट संगतीत दिसतात. तुमचा अबोला आणि तिच्या वडिलांचं "दोन ठिकाणी चूल" हे दोन्ही मनावरच्या ताब्याच्या खात्यात जातात.

अबोला सौम्य असतो हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, शिकलेल्या घरांत तर जास्तच. पण तो कधी संपणार आणि संपवायला काय करावं लागेल, हे मुलीला कळायला मार्ग नसतो. त्यातून तुम्ही एका खोलीत दोघीच राहता. तुम्ही बोलणं बंद केलंत की तिच्याशी बोलणारं दुसरं माणूसच उरत नाही.

पुढचे चार आठवडे एवढं करून पाहा. टेस्टच्या दिवशी मार्कांचा विषय काढायचा नाही. ती आली की जेवण, आंघोळ, झोप. सोमवारी संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून बसायचं आणि ७२० पैकी किती याच्यावर न बोलता चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करायचे : येतच नव्हते ते, येत असून चुकले ते, आणि वेळेअभावी राहिले ते. पहिल्या ढिगाला शिकवणी लागते, दुसऱ्याला झोप आणि सराव, तिसऱ्याला वेळेचं नियोजन. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे घाबरलेलं मूल अंदाजानं गोळ्या मारून आणखी खाली जातं, हेही त्यात दिसेल. वीस मिनिटं झाली की विषय बंद. उठण्याची वेळ, हजेरी, फोन हे नियम आहेत तसेच ठेवा, ते सोडू नका. वडिलांना सांगा, फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. म्हशीचं, पावसाचं, घरचं काही बोला. खर्चाबद्दल बोलायचंच असेल तर दोघांनी आपसांत बोला. तिनं ते कर्ज मागितलेलं नाही. आणि नीट नाही झाली तर काय, हे एकदा शांतपणे कागदावर मांडा : एमएचटी-सीईटीतून फार्मसी, कृषी, नाही तर बी.एस्सी. "नाही तर बस मग फार्मसी करत" अशा सुरात नको, खरोखरची वाट म्हणून.

एक गोष्ट मात्र चार आठवडे थांबवू नका. एकाच पानावर बसून राहणं हा आळस नव्हे. नैराश्यात लक्ष लागत नाही, आणि या वयात ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. चिडचिड, अन्न नकोसं होणं, झोप बिघडणं, कशातच रस न उरणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कदाचित ते दोन आठवडे आधीच उलटले असतील.

प्रश्न : मुलगा नववीत. तो झोपला की मी त्याचा फोन तपासतो, त्याला माहीत नाही. परवा मित्राला पाठवलेला मेसेज दिसला : "जगून काय उपयोग." मी हादरलो आहे. विचारलं तर फोन बघतो हे उघड होईल. बायको म्हणते, विषय काढला तर डोक्यात नसलेलंही भरेल. काय करू?
– बाबा, नाशिक जिल्हा

उत्तर : आजच विचारा. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात नव्यानं जात नाही. हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. असलेला विचार बोलून दाखवायला मात्र वाट मिळते.

विचारायचं कसं? समोरासमोर बसवून चौकशी नको. मोटारसायकलवर, शेतात जाताना, रात्री अंगणात, शेजारी बसून. "तुझा मेसेज मी वाचला. न विचारता फोन बघितला, ते चुकलं, त्यावर आपण नंतर बोलू. आत्ता मला एवढंच विचारायचंय, तुला मरून जावंसं वाटतं का?" मग गप्प राहा. "असं काय कमी केलं आम्ही तुला?" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. हो म्हणाला तर पुढचे प्रश्न : किती दिवसांपासून, रोज वाटतं की अधूनमधून, कसं करायचं ते ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केलाय का. कसं आणि कधी हे ठरलेलं असेल, किंवा पूर्वी प्रयत्न झाला असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. विचार आहे पण ठरलेलं काही नाही, असं असेल तरी दोन-चार दिवसांत तज्ज्ञांची भेट हवी. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तो हो म्हणो की नाही, एक काम आज रात्रीच उरका. फवारणीची औषधं, उंदरांचं औषध आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या धरून, कुलपात ठेवा आणि किल्ली अंगावर बाळगा. पडवीत उंचावर ठेवलेला डबा म्हणजे कुलूप नव्हे. या वयात टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ येते आणि ओसरते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकं १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या काळात निम्म्याहून खाली आलं. काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी, मुलगा बरा दिसत असला तरी, थेट रुग्णालयात न्या. घरगुती उपाय करत थांबू नका. पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरांपासून काही लपवू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं.

आता फोनचं. स्वीडनमध्ये हाकान स्टातिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली एक नेमकी गोष्ट दाखवली. मुलांबद्दल ज्या पालकांना खूप माहिती असते, त्यांना ती पाळतीतून फारशी मिळत नाही. मुलं आपणहून सांगतात म्हणून मिळते. चोरून बघणं एकदा उघडं पडलं की मूल दुसरं खातं काढतं आणि तुमच्या हाती रिकामा फोन राहतो. तेव्हा हा कारभार उघड करा. नवीन अ‍ॅप घ्यायचं तर विचारून. पासवर्ड एका पाकिटात बंद, पाकीट कपाटात. चॅट वाचायचे नाहीत, अपवाद दोनच : जिवाला धोका वाटला तर, आणि कोणी मोठा माणूस त्रास देतोय किंवा धमकावतोय असं दिसलं तर. अशा वेळी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही आहे. पाकीट उघडलं तर त्याच दिवशी त्याला सांगायचं.

आणि ज्या मित्राला त्यानं तो मेसेज केला, त्याला ओरडू नका. तुमच्या मुलाला सांगावंसं वाटलं असं तेच एक माणूस आहे.

प्रश्न : आम्ही चार भावंडं बापाचा मार खाऊनच सरळ झालो. आज सगळे चांगले कमावतो. आता म्हणे हात लावायचा नाही. मग ही पोरं डोक्यावर बसणार नाहीत का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : मार खाऊन जे सरळ झाले ते अशी पत्रं लिहितात. जे खचले ते लिहीत नाहीत, त्यामुळे भावकीतल्या दाखल्यांवरून हा हिशेब लागत नाही. एलिझाबेथ गेर्शोफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये दीड लाखाहून अधिक मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात साध्या चापट्यांचाही एकही दूरचा फायदा दिसला नाही. आक्रमकपणा आणि मानसिक त्रास मात्र मारासोबत वाढलेले दिसले. शाळेत मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदीच आहे.

डोक्यावर बसण्याची भीती मात्र खरी आहे. मार थांबवला आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही, तर पोरं बसतातच. शिक्षा लहान, लगेच आणि चुकीशी जोडलेली असावी : गाडी न विचारता नेली, तर आठवडाभर चावी नाही. हात उठायला लागला तर "आत्ता मी रागात आहे, जेवण झाल्यावर बोलू" म्हणून वीस मिनिटं बाहेर जाऊन या, आणि जेवणानंतर खरंच बोला. बोलायचं टाळलंत तर दुसऱ्यांदा त्या वाक्याला किंमत राहणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी पंधरा वर्षांची. आम्ही तिच्याशी कायम मैत्रिणीसारखे वागलो, नियम असे कधी केले नाहीत. आता ती रात्री दोन-अडीचपर्यंत फोनवर असते, सकाळी उठत नाही, महिन्यातून पाच-सहा दिवस शाळा बुडते, सारखी थकलेली आणि रडवेली. फोन महिनाभर जप्त केला, तर तिनं इतकं रान उठवलं की तिसऱ्या दिवशी परत दिला. आता नियम लावायला उशीर झाला का?
– आई-बाबा, पुणे

उत्तर : उशीर झालेला नाही, पण सुरुवात नियमांची यादी काढून नको. तीनच नियम घ्या आणि त्यांतला पहिला झोपेचा. तिचं थकणं-रडणं यातलं किती मनाचं आणि किती अपुऱ्या झोपेचं, हे झोप सुधारल्याशिवाय कळणार नाही.

तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढतं, म्हणून दहा वाजता झोप न येणं हा नखरा नाही. साडेनऊला झोपायला लावण्याचा हट्ट धरू नका, तो फसतो. उलट्या बाजूनं या. आधी उठण्याची वेळ पक्की करा, समजा साडेसहा. रविवारीही फार तर साडेसातपर्यंत. रविवारी अकरापर्यंत झोपलं की त्या रात्रीची झोप गेलीच. उठल्यावर वीस-तीस मिनिटं उजेडात, गच्चीवर किंवा बाल्कनीत. झोपण्याची वेळ आत्ता अडीच असेल तर दर तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणा. साडेदहापर्यंत पोचायला पाच-सहा आठवडे लागतील, ते लागू द्या. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. आणि फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे. बाबांचा फोन उशाशी आणि मुलीचा हॉलमध्ये, हा नियम दोन दिवस टिकेल. "अलार्मसाठी लागतो" ही सबब येणारच, साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. फोन हॉलमध्ये जाण्याची वेळही झोपेसोबतच अलीकडे सरकवा : नेहमी झोपेच्या पाऊण तास आधी.

महिनाभराची जप्ती का फसली? शिक्षा इतकी मोठी होती की तुम्हालाच झेपली नाही. त्यातून मुलगी शिकली ते एवढंच : तीन दिवस रान उठवलं की फोन परत मिळतो. पुढच्या वेळी ती चार दिवस उठवेल. म्हणून शिक्षा एका दिवसाची ठेवा, पण ती चुकवू नका. रात्री फोन खोलीत सापडला, तर दुसऱ्या दिवशी फोन नाही, परवा परत. भाषण नाही. पहिले दहा-बारा दिवस आरडाओरडा वाढेल. नियम चुकीचा आहे म्हणून नव्हे, तर आजवर तो ओरडण्यानं सुटत आलाय म्हणून. नेमकं त्याच काळात एकदा सोडलंत, तर पुढचं वर्ष अवघड जाईल.

बाकीचे दोन नियम तुम्ही ठरवा : शाळा, आणि बाहेर असताना ठावठिकाणा कळवणं, हे आम्ही सुचवू. त्यापलीकडे केस, कपडे, गाणी, खोलीतला पसारा तिच्या हवाली करा. नियम सांगताना तिचं ऐकून वेळा थोड्या मागेपुढे करायला हरकत नाही, नियम असणार हे मात्र चर्चेला ठेवू नका. मैत्री मोडेल अशी भीती तुमच्या पत्रात जाणवते. पंधराव्या वर्षी मैत्रिणी तिला बाहेर भरपूर मिळतात, आई-बाबा मात्र दुसरे मिळत नाहीत.

सहा आठवड्यांनी झोप सुधारूनही रडणं तसंच राहिलं, तर तज्ज्ञांना दाखवा. आत्महत्येचा किंवा स्वतःला इजा करण्याचा उल्लेख आला, तर सहा आठवडे थांबायचंच नाही.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. छातीत धडधडतं, रात्री रडू येतं. मला कौन्सेलरकडे जायचंय, पण बाबा म्हणतात, "तिकडे वेडे जातात." आई त्यांच्यापुढे बोलत नाही. मी काय करू?
– नाव नको

उत्तर : तुला जे होतंय ते खरं आहे आणि त्यावर उपाय आहेत. टेलिमानसच्या १४४१६ वर तू स्वतः फोन करू शकतेस, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. बऱ्याच जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. शाळेतल्या एखाद्या विश्वासाच्या बाईंनाही सांग. तू सांगितलेलं समुपदेशक सहसा घरी सांगत नाहीत. तुझ्या जिवाला धोका वाटला किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मात्र त्यांना पुढे सांगावं लागतं, हे आधीच माहीत असू दे. औषधं सुरू करायची वेळ आली तर अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते.

घरी सांगताना "मला डिप्रेशन आहे" असं नको, त्या शब्दाला बाबा अडतील. "आठवड्यातून चार रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, अभ्यास डोक्यात शिरत नाही. मला डॉक्टरांना दाखवायचंय" असं सांग. धडधडीसाठी आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जायला बाबा नाही म्हणणार नाहीत. रक्त कमी असणं आणि थायरॉइड हेही तिथे तपासून होईल, आणि पुढची चिठ्ठी तेच डॉक्टर देतील. आईला एकटीला गाठून आधी सांग.

प्रश्न : मुलगा आठवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. रडतो म्हणून मी घरी ठेवते, बाईंना फोन करून अभ्यास मागवते. हे म्हणतात, उचलून नेऊन टाका शाळेत. कोण बरोबर?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोघंही अर्धे बरोबर. पोट खरंच दुखतं, भीतीनं आतड्यांवर परिणाम होतो, तेव्हा "नाटकं करतो" म्हणू नका. पण घरी ठेवलं की दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि नेमका तोच सुटकेचा अनुभव भीतीला बळ देतो. दर दिवशी शाळा आणखी लांब जाते. उचलून नेणंही बहुधा एकदाच जमतं.

आधी कारण शोधा : कोणी चिडवतंय का, बसमध्ये काही होतं का, एखाद्या तासाला उभं करून वाचायला लावतात का, शाळेतलं स्वच्छतागृह वापरता येतं का. वाचन-लेखनात तो पहिल्यापासून मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. रात्री झोपेतून जाग येईल असं दुखणं, वजन उतरणं, शौचात रक्त, वारंवार उलट्या यांतलं काही असेल तर परत डॉक्टरांकडे, हा भीतीचा मामला नव्हे.

मग पायऱ्या करा. वर्गशिक्षकांना आधी भेटून त्यांना सामील करून घ्या. पहिले दोन दिवस गणवेश, दप्तर घेऊन फाटकापर्यंत आणि परत. मग ग्रंथालयात किंवा ऑफिसात एक तास. मग त्याच्या आवडीच्या दोन तासिका. मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीला भीती शून्य ते दहापैकी किती, हे त्यालाच विचारा. आठावरून चारावर आली की पुढची पायरी. सहसा दोन-तीन दिवस लागतात. पायरी जड गेली तर ती अर्धी करा, पण खाली उतरू नका. सकाळी वाक्य एकच : "भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला फाटकापर्यंत जमेल हेही मला माहीत आहे." वीस वेळा समजूत काढायची नाही. शाळेच्या वेळात घरी असेल तेव्हा टीव्ही, फोन, आवडीचा खाऊ बंद. शिक्षा म्हणून नाही, शाळेपेक्षा घर मजेचं वाटू नये म्हणून.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांना शिकवण्याची एक पद्धत बसवली. मूल सत्रांना येतच नाही. भीतीपोटी पालक ज्या सवलती देत जातात त्या एकेक करून मागे घ्यायच्या, आधार मात्र वाढवायचा. २०२० मध्ये छापलेल्या चाचणीत तिचा परिणाम मुलांवर थेट केलेल्या उपचाराच्या तोडीचा निघाला. म्हणजे मुलगा समुपदेशनाला यायला तयार नसला तरी तुम्ही दोघं सुरुवात करू शकता. मात्र एकाच बोलीनं. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा. शाळा जितकी लांबते, तितकं परतणं अवघड होतं.

प्रश्न : मी नाही म्हटलं की मुलगी आजीकडे जाते, आजी हो म्हणतात. यावरून रोज वाद.
– सून आणि आई, सांगली

उत्तर : ज्यानं नियम केला त्यानंच तो सैल करायचा, एवढं घरात ठरवा. आजींना ते तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलानं सांगावं. आजींकडे एक गोष्ट पूर्ण सोपवा, उदाहरणार्थ सणाचा खाऊ किंवा शनिवारचं बाहेर जाणं, तिथे तुम्ही बोलायचं नाही. बाकी सगळ्याला त्यांनी "आईला विचार" म्हणायचं. मतभेद असले तर मुलीच्या माघारी काढा. आजीची माया मुलीला हवीच आहे, ती बंद पाडू नका.

प्रश्न : मुलगी सोळाची. तिला डिप्रेशन आहे असं डॉक्टर म्हणाले. फ्लुओक्सेटिन सुरू केलंय. सासरचे म्हणतात, हे आईच्या वळणाचं फळ. मीही रात्रंदिवस तेच शोधतेय, माझं कुठं चुकलं? आणि या गोळ्यांची सवय लागते का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : वळणाचा परिणाम होतो, पण तो अनेक कारणांतला एक आणि बहुतेक अभ्यासांत मध्यम किंवा त्याहून लहान निघतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याचा साधारण ३५ ते ४० टक्के वाटा आनुवंशिक धरला जातो. शिवाय परिणाम दोन्हीकडून होतो : मूल मिटत, चिडत गेलं की पालक जास्त बोलू लागतात, आणि मग पालकांच्या बोलण्यानं मूल बिघडलं असं बाहेरून दिसतं. कारण शोधणं सोडून द्या. इथून पुढे घरातलं वातावरण तिच्या बरं होण्यावर परिणाम करणार आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

गोळ्यांची सवय लागत नाही. पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. साधारण दोन ते चार आठवड्यांनी फरक दिसू लागतो, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात. गोळी सहसा सकाळी देतात, नाही तर झोप उडू शकते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते आणि बहुधा ओसरते. पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर मात्र जवळून लक्ष ठेवा : एकाएकी अस्वस्थता, झोप पार उडणं, नेहमीपेक्षा जास्त बडबड किंवा धाडस, मरणाचे विचार. यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे अठरा वर्षांखालच्या काही मुलांत असे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्येच पाकिटावर छापायला लावला. त्यामुळे घाबरून औषध टाळायचं नाही, लक्ष ठेवायचं. गोळ्यांची डबी तुमच्याकडे. बरं वाटल्यावरही औषध सहसा सहा महिने ते वर्षभर चालतं, आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. जोडीला समुपदेशन असेल तर चांगलं. २००४ मध्येच छापलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत १२ आठवड्यांनंतर गोळी आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्या किशोरवयीनांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीनं ६१ टक्के.

घरात दोन गोष्टी कमी करायच्या : टीका, आणि अति काळजी. "दिवसभर लोळते" याऐवजी "चहाला बाहेर येशील का?" एका वेळी एकच मागणं. दर तासाला "बरं वाटतंय का?" विचारणंही त्रासाचं होतं. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी पुरे. रोज पंधरा मिनिटं तिच्यासोबत चाला, रंकाळ्यावर नाही तर गल्लीत. त्या पंधरा मिनिटांत उपदेश नाही, अभ्यास नाही. ती गप्प राहिली तरी चालेल. बरं वाटल्यावर चालू असं ठरवू नका. नैराश्यात आधी पाय हलतात, उत्साह मागून येतो.

नातेवाइकांना एकच वाक्य, तेही तिच्या वडिलांनी : "डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, तिच्यासमोर हा विषय नको." पुढच्या भेटीपर्यंत एका वहीत रोज चार नोंदी करा : किती तास झोपली, किती वेळा जेवली, शाळेत किंवा बाहेर गेली का, आणि दिवसात एकदा तरी हसली-बोलली का. डॉक्टर "कसं आहे?" विचारतील तेव्हा आठवण बहुधा कालच्या वाईट दिवसाची येते. वही पुढे केली की डोस वाढवायचा की तोच ठेवायचा, हे ठरवणं सोपं जातं.